वाघमारे साहेबांचा दुसरा प्रश्न

वाघमारे साहेब कामावरच्या प्रत्येक माणसाला दोनच प्रश्न विचारत. पहिला, "किती दिवस लागतील?" आणि दुसरा, "तुमच्या आधी कोण?" समोर गवंडी असो, वायरमन असो, क्रेनवाला असो की परदेशात शिकून आलेला इंजिनिअर असो, प्रश्न हेच आणि ह्याच क्रमाने. तेलुगू माणसाला तेलुगूत, दखनी उर्दू बोलणाऱ्याला दखनीत. उत्तर मिळालं की ते वहीत टिपून घेत आणि "बरं" म्हणत. त्यांचं "बरं" ऐकलं की समोरच्याला उगाचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटे.

आमची कंपनी कारखाने उभे करून देते. हैदराबादच्या भोवताली औषधांचे जे कारखाने उठले, त्यातले दोन-चार आमच्या हातचे. साहेब तिथल्या प्लॅनिंग विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते स्वतः, एक दाराएवढं टेबल आणि नंतर मी. टेबल दाराएवढं होतं, कारण ते दारच होतं. कुठल्याशा साइटवर मापाला चुकलेलं सागवानी दार त्यांनी परत जाऊ दिलं नाही, चार पाय लावून घेतले. त्यावर त्यांचा तो प्रचंड कागद पसरलेला असे.

मला त्यांच्या हाताखाली दिलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. मी काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरातली, वडील शाळामास्तर, त्यामुळे मला मराठी नीट वाचता येत होतं. ऑफिसातल्या बाकीच्या मराठी मुलांना बोलता यायचं, पण देवनागरी दिसली की ती डोळे बारीक करायची. आणि साहेब त्यांचा कागद मराठीत लिहीत. आधी हाताने मराठीत, मग मी तो इंग्रजीत कंप्युटरमध्ये भरायचा, अशी आमची विभागणी. मी एकदा वैतागून विचारलं, "साहेब, एकदम इंग्रजीतच का लिहीत नाही?" तर म्हणाले, "इंग्रजीत लिहिलं की समजल्यासारखं वाटतं हो. मराठीत लिहायला बसलं की समजलं नाही ते समजतं."

आता तो कागद म्हणजे काय ते सांगायला हवं. त्याला नेटवर्क म्हणतात. एकेका कामाचा एकेक बाण. बाण जिथे संपतो तिथे वर्तुळ, आणि त्या वर्तुळातून पुढच्या कामाचा बाण निघतो. पाया झाला की खांब, खांब झाले की छप्पर. काही बाण एकापाठोपाठ, काही शेजारून समांतर. सुरुवातीच्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत जायचे अनेक रस्ते असतात. त्यातला सगळ्यात लांबचा जो रस्ता, तेवढे दिवस त्या प्रकल्पाला लागणारच. त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि साहेब तो लाल पेन्सिलीने रंगवत. बाकीच्या रस्त्यांवर थोडी मोकळीक असते. पुस्तकातला तिचा इंग्रजी शब्द साहेब कधी वापरत नसत, ते तिला सवड म्हणत. "सवड कुणाच्या बापाची नसते," असं त्यांचं ठाम मत. एखाद्याने लबाडी करून ती आपल्या खिशात घातली की ते खरोखर चिडत, म्हणजे चष्मा काढून पुसत. ह्यापलीकडे त्यांना चिडलेलं मी पाहिलं नाही.

माणूस बुटका, केस पांढरे, शर्ट अर्ध्या बाह्यांचा पण इस्त्री पूर्ण. खिशात बडीशेपेची डबी. हसले तर आवाज नाही, फक्त खांदे हलायचे. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना "तुम्ही". वडील नांदेडकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून आले आणि तारनाक्याच्या क्वार्टरांत साहेब वाढले. चार भाषा ते तिथल्या नळावर शिकले, असं ते म्हणत. पण मराठी मात्र नांदेडचीच राहिली होती.

मी नवी असताना रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचायची. मी भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवून पाहिली, डब्याला पोळ्यांऐवजी भात दिला, बस सोडून रिक्षा केली. तरी पंधरा मिनिटं जागच्या जागी. एक दिवस साहेबांनी समोर बसवलं. "सांगा, सकाळी काय काय असतं." मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांनी कोरा कागद ओढला. दूध, चहा, पोळ्या, मुलीची वेणी, नवऱ्याचा डबा. प्रत्येकाला दोन प्रश्न. वेणीच्या आधी कोण? अंघोळ. अंघोळीच्या आधी? गीझर. गीझरच्या आधी? मी जरा घुटमळले. म्हटलं, "सासरे. ते पेपर घेऊन बाथरूममध्ये जातात."

साहेबांचे खांदे हलायला लागले. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि माझ्या संसाराचा क्रिटिकल पाथ थेट सासऱ्यांच्या पेपरमधून नेला. "तुम्ही पोळ्यांत घाई करायलात. तिथं सवडच हाय की! पोळ्या पाच मिनिटांत झाल्या तरी पंधरा मिनिटं इथंच जाणार."

"मग मामंजींना मी काय सांगू?"

"ते नेटवर्कमध्ये येत नाही," ते म्हणाले. "कुठं अडलंय ते कागद सांगतो. बोलावं माणसालाच लागतं." मामंजींशी बोलायचं धाडस मला झालं नाही. साहेबांनीच माझी ऑफिसची वेळ सव्वानऊ करून घेतली.

माणसांशी बोलण्याची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी होती. प्रत्येक कामाचे दिवस त्या कामाच्या माणसाच्या तोंडून, त्याच्या शेजारी बसून घ्यायचे, हा त्यांचा नेम. आमच्या साइटवर यादय्या नावाचे एक मेस्त्री होते, काँक्रीटचे. त्यांना कोणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर वीस दिवस. साहेब त्यांच्याजवळ विटांच्या ढिगावर बसले. "एन्नि रोजुलु?" किती दिवस? "वीस." साहेबांनी बडीशेपेची डबी पुढे केली. सळ्या बांधायला किती, फळ्या ठोकायला किती, माल ओतायला किती, असं एकेक विचारत बेरीज केली, ती बारा झाली. मेस्त्री ओशाळले नाहीत. म्हणाले, आम्ही वीस सांगितले की साहेब लोक बारा करतात. बारा सांगितले तर सात करतील. मग आम्ही काय करायचं?

"मी कापणार नाही," साहेब तेलुगूत म्हणाले. "तुम्ही वाढवू नका."

त्यांनी बारा लिहिले, आणि वरून दडपण आलं तरी बाराचे अकरा केले नाहीत. तेव्हापासून ते मेस्त्री साहेबांना खरे दिवस सांगत आणि बाकी सगळ्यांना वीसच सांगत. हळूहळू ही गोष्ट पसरली. वाघमारे साहेबांना सांगितलेला दिवस कोणी कापत नाही. ह्या एका गोष्टीवर त्यांचा सगळा कागद उभा होता.

घरी मात्र ह्या प्लॅनिंगची डाळ शिजत नव्हती. मी कुकटपल्लीला त्यांच्या घरी दोन-तीनदा गेले आहे. पुढच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि कोपऱ्यात पुस्तकांचं एक कपाट, दारं नसलेलं. शकुंतलाताई, त्यांच्या मिसेस, चहा देता देता म्हणाल्या, "हे कपाट तीन वर्षं झालं असंच हाय. कारखान्याचं छप्पर आठ महिन्यांत घालतात, अन् घरात दोन दारं बसत नाहीत. गॅस संपला की मग सिलिंडरचा नंबर लावायचा, ही आमच्या साहेबांची प्लॅनिंग!" साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "तिच्या कामाचे दिवस मला तिनंच सांगावेत की." ताईंनी कपाळावर हात मारला.

त्यांनी मला शिकवलेली एक गोष्ट पुढच्या प्रसंगासाठी माहीत असायला हवी. नेटवर्कमध्ये एक तुटक रेषेचा बाण असतो. त्याला डमी म्हणतात. त्यात काम नाही, त्याला दिवस लागत नाहीत. तो एवढंच सांगतो, की हे झाल्याशिवाय ते सुरू होणार नाही. साहेब म्हणत, "डमीला एक दिवस लागत नाही, पण डमी राहिली की महिना जातो."

आणि त्यांच्याकडूनच ती राहिली.

तो कारखाना शहराबाहेरचा होता. तिसऱ्या भागात स्टीलची एक अवाढव्य टाकी बसायची होती. ती एवढी मोठी की दारातून जाणं शक्य नव्हतं, क्रेनने वरूनच उतरवायची. म्हणजे टाकी आत गेल्यावरच वर छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे, बसवायच्या. पातेल्यात डाळ घातल्यावर झाकण ठेवायचं, इतकं सोपं. कैच्यांचं काम सलीमभाईंकडे होतं. कुकटपल्लीला त्यांचा लहानसा फॅब्रिकेशनचा कारखाना, दहा-बारा माणसं, आणि आमच्याकडे बरीच वर्षं काम.

टाकी आमच्याच खरेदी विभागाने मागवली होती. ती सव्वीस दिवस उशिरा आली. सलीमभाईंच्या कैच्या वेळेवर तयार होऊन साइटवर पडून होत्या. साइटच्या इंजिनिअरने त्यांना तोंडी सांगितलं, थांबा. ते थांबले. पण नेटवर्कमध्ये टाकी आणि कैच्या ह्यांच्यामध्ये बाणच नव्हता. कागदाच्या मते दोन्ही कामं आपापली, समांतर. त्यामुळे कागदाच्या मते सलीमभाई विनाकारण सव्वीस दिवस मागे होते.

दर सोमवारी कंप्युटर उशिराच्या कामांची यादी काढी, आणि त्यावरून बाहेरच्या कंत्राटदारांना नोटिसा जात. नोटिसा मी छापायची, साहेब सही करायचे. त्या दिवसांत ते दुसऱ्या एका साइटवर अडकलेले होते. सोमवारी येऊन गठ्ठ्यावर भराभर सह्या करून परत जात. अशा तीन नोटिसा सलीमभाईंना गेल्या. तिसरीत ब्लॅकलिस्टचा इशारा होता. आमच्या धंद्यात एका कंपनीने नाव काळ्या यादीत टाकलं की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. दहा-बारा माणसं आणि वीस वर्षांचं नाव, सगळं एका कागदाने जातं.

सलीमभाई ती तिसरी नोटीस घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली. माझ्याच हाताने छापलेला कागद मला वाचवेना.

"मैं क्या गलती करा मॅडम?" ते म्हणाले. "ऊपर ढक्कन लगा दिया तो टाकी किधर से डालते? तुमारे इंजिनेर साब रुको बोले, मैं रुक गया."

मी म्हटलं, साहेब उद्या येतील, त्यांना भेटा. त्यांनी नोटिशीच्या तळावर बोट ठेवलं. "उनसे क्या बोलूँ? दस्तखत तो उनोच करे." आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मी सगळं सांगितलं. त्या प्रकल्पाचा मूळ कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला आणि वाकून तिसऱ्या भागावर आले. तिथे प्रत्येक बाणाखाली दिवस लिहिलेले होते आणि त्यापुढे "आधी" असं लिहून आधीच्या कामांची नावं. सलीमभाईंच्या बाणाखाली एवढंच होतं: कैच्या बसवणे, अठरा दिवस, फोनवर.

"त्यांच्या मुलीचा निकाह होता," साहेब म्हणाले. "गावाकडं होते. म्हटलं, कुठं त्रास द्यायचा. फोन केला, दिवस विचारले. दुसरं विचारलंच नाही."

मी त्यांच्यासारखी नाही, मला वाट लगेच दिसते. मी म्हटलं, "साहेब, पेन्सिलीचा तर कागद आहे. आत्ता तुटक बाण काढून टाका. नेटवर्क बरोबर होतं, नोटीस चुकून गेली, असं होईल. सलीमभाईही सुटतील आणि तुम्हीही."

"आणि कागदावरून कंप्युटरमध्ये कोण भरतं?"

"मी."

"मग बाण भरायचा कुणी विसरला?"

मला खरंच ते सुचलं नव्हतं. साहेबांनी कागदाची गुंडाळी केली आणि रबर लावलं.

मीटिंग दोन दिवसांनी होती. कारखान्याच्या मालकाला उशिराचं कारण लेखी द्यायचं होतं. आमच्या मीटिंगा तेलुगू, हिंदी, इंग्रजीच्या खिचडीत चालतात; मी मराठीत सांगते. डायरेक्टर साहेबांना कारण सोपं हवं होतं. टाकी उशिरा आली म्हटलं तर दोष आमच्या कंपनीचा. कैच्या उशिरा म्हटलं तर दोष सलीमभाईंचा, आणि तीन नोटिसांचा पुरावा तयार. ते म्हणाले, "काळ्या यादीचं पत्र काढा, विषय संपवा."

वाघमारे साहेब उठले आणि त्यांनी तो कागद टेबलभर पसरला. लोकांनी चहाचे कप उचलून घेतले. डायरेक्टरांनी मराठी अक्षरं पाहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही वाचा. काय लिहिलंय ह्या बाणाखाली?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शांतपणे बोट ठेवलं. "वाचा की, वैशालीताई."

मी वाचलं. कैच्या बसवणे. अठरा दिवस. फोनवर.

"ह्याच्या आधी कोणतं काम?" डायरेक्टरांनी विचारलं.

"काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लिहिलेलं नाही, कारण मी विचारलं नाही," साहेब म्हणाले. "इथं टाकीकडून एक बाण यायला पाहिजे होता. तो माझ्याकडून राहिला. सलीमभाई एक दिवससुद्धा मागे नाहीत. उशीर टाकीचा आहे आणि नोटिसांची चूक माझी आहे."

डायरेक्टर खालच्या आवाजात, तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावून म्हणाले, "वाघमारे गारू, तुमच्या एक्स्टेन्शनची फाइल माझ्या टेबलावर आहे." आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती, पण प्लॅनिंगच्या माणसाला दोन वर्षं वाढवून द्यायची रीत होती. साहेबांचा तो शेवटचा महिना होता, आणि त्यांना ती दोन वर्षं हवी होती. कामाशिवाय आपल्याला करमायचं नाही हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"माहीत आहे सर," साहेब म्हणाले. "फाइलमध्ये हेही लावा."

मी गप्प बसले. छापणारी मी होते, हे तरी मी बोलायला हवं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

सलीमभाईंचं काळ्या यादीचं पत्र निघालं नाही. त्यांना एका ओळीचं कळवण्यात आलं, की नोटिसा मागे घेतल्या आहेत. का, ते कोणी लिहिलं नाही. कंपन्या लिहीत नसतात. साइटच्या इंजिनिअरने रदबदली केली असेल, असं सलीमभाईंनी धरलं आणि त्याला मिठाईचा डबा नेऊन दिला. त्यानेही घेतला. साहेबांच्या फाइलवर सही झाली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी शाल, नारळ, दोन भाषणं झाली. एका भाषणात त्यांना "कंप्युटरच्या आधीचा माणूस" म्हटलं गेलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. बस समोरच्या थांब्यावरून मिळायची. आम्ही गेटशी पोचलो तेव्हा आमच्या पुढच्या कामाचं लोखंड घेऊन सलीमभाईंचा टेम्पो आत येत होता. तो रजिस्टरसाठी थांबला आणि सलीमभाई खाली उतरले.

त्यांनी आम्हाला पाहिलं. साहेबांनी हात कपाळाशी नेला. "सलाम, सलीमभाई."

सलीमभाईंनी पाठ फिरवली आणि ड्रायव्हरला टेम्पो बाजूला घ्यायला सांगू लागले.

मला राहवेना. मी दोन पावलं पुढे गेले, तर साहेबांनी मला थांबवलं. "राहू द्या."

"पण साहेब, त्यांना माहीतच नाही!"

"काय माहीत नाही? तीन सोमवार मी सही केली, अन् एकदाबी फोन करून विचारलं नाही, की सलीमभाई, तुम्ही का थांबलात. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. तेवढा राग त्यांच्या हक्काचा हाय." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जा आता, काम पडलं असेल. मामंजींना नमस्कार सांगा."

ते रस्ता ओलांडून गेले. बस आली. गर्दी नव्हती, त्यांना खिडकीची जागा मिळाली. नारळाची पिशवी मांडीवर घेऊन ते समोर बघत बसले. शालीची घडी त्यांनी खिडकीच्या गजावर उन्हाच्या बाजूने धरली होती. बस वळून दिसेनाशी झाली.

मग मी मागे वळले आणि सलीमभाईंना सगळं सांगून टाकलं. साहेबांनी नको म्हटलं होतं, पण एकदा मीटिंगमध्ये गप्प बसले होते, पुन्हा मला ते जमलं नसतं. टाकी, बाण, फोन, मीटिंग, फाइल. सलीमभाई रजिस्टरवर सही करायची थांबून ऐकत होते. मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्यांनी त्याला हाताने गप्प केलं.

सांगून झाल्यावर ते रस्त्याकडे बघत राहिले. बस केव्हाच गेली होती.

"अभी सलाम करे ना उनो मेरेकू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मैं सुना था," सलीमभाई म्हणाले.